डीसीएसमध्ये विमान आपोआप कलतंय? नवी जॉयस्टिक घेण्याआधी हे तपासा

डीसीएस हा संगणकावर विमान उडवायचा गेम. त्यात स्टिकवरचा हात काढला की विमान हळूहळू एका अंगावर कलतं. मिशन सुरू झाल्याझाल्या नाक आभाळाकडे जातं आणि स्टिक कितीही पुढे ढकलली तरी ते अर्धंच खाली येतं. धावपट्टीवर सरळ धावायचं तर विमान सारखं एकीकडे ओढतं. थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणाऱ्या दांडीला, हात लावलेला नसतो, तरी इंजिनाचा आवाज वरखाली होतो. मधूनच पंखांना एक झटका बसतो आणि पुन्हा सगळं शांत होतं. कधी बराच वेळ छान उडून झाल्यावर स्टिक अचानक मेल्यासारखी होते आणि विमान शेवटच्या वळणात तसंच अडकून राहतं.

डीसीएस वर्ल्ड खेळणाऱ्या मित्रमंडळींच्या या तक्रारी मी कित्येक वर्षं सोडवत आलो आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याचं निदान आधीच ठरलेलं असतं: जॉयस्टिक गेली. उपायही ठरलेला असतो: नवी घ्यायची, नाहीतर डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग, वाढवून वेळ मारून न्यायची. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा स्टिक ठणठणीत असते. चांगली स्टिक माळ्यावर टाकून लोक नवी आणतात आणि आठवड्याभरात नवीवरही तोच त्रास सुरू होतो. म्हणून खालचा क्रम सोडू नका. फुकटचं आधी आहे, स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

विंडोजच्या रनमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप करा. गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडेल. स्टिक निवडून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की चौकोनात एक अधिकचं चिन्ह दिसतं. हात काढून घ्या आणि ते मधोमध स्थिर उभं आहे का पाहा. मग स्टिक चारही बाजूंना टोकापर्यंत नेऊन सोडा. दर वेळी चिन्ह त्याच जागी परत आलं पाहिजे. थ्रॉटल आणि पायाने चालवायच्या पेडल्सचंही असंच तपासा.

आता डीसीएस उघडा, कुठलंही विमान हवेत घ्या आणि उजवा कंट्रोल व एंटर एकत्र दाबा. स्क्रीनवर लाल रेषांची छोटी चौकट येते. गेमपर्यंत तुमच्या हाताचं नेमकं काय पोचतंय ते ती दाखवते: पिच (नाक वर-खाली), रोल (पंख कलणं), रडर (नाक डावी-उजवीकडे) आणि थ्रॉटल. हात बाजूला ठेवा आणि खूण मध्ये आहे का बघा. काही विमानांत ट्रिम (स्टिक न धरता विमान सरळ राहावं म्हणून लावून ठेवायची दुरुस्ती) दिलेली असेल तर ही खूण ट्रिमप्रमाणे सरकते, म्हणून आधी ट्रिम शून्यावर आणा. सुखोई-25टी आणि त्या पिढीच्या सोप्या मॉड्यूल्समध्ये, म्हणजे गेममध्ये वेगवेगळ्या मिळणाऱ्या विमानांत, त्यासाठी डावा कंट्रोल आणि टी.

आता तीन शक्यता उरतात. विंडोजमध्येही खूण सरकते आणि गेममध्येही, म्हणजे दोष स्टिक, वायर किंवा कॅलिब्रेशनमध्ये आहे. विंडोजमध्ये स्थिर आहे पण गेममध्ये सरकते, म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये. दोन्हीकडे स्थिर आहे आणि तरी विमान कलतं, तर दोष कुठेच नाही, ते विमान तसंच उडतं. ही विभागणी न करता पुढे गेलात तर सगळं अंदाजपंचे होईल.

विमानाचाच स्वभाव असेल तर

डीसीएससोबत फुकट मिळणारी दोन विमानं, सुखोई-25टी आणि टीएफ-51डी मस्टँग, यांवर बहुतेकांची सुरुवात होते. मस्टँगचा एकच मोठा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकद दिली की विमान डावीकडे ओढतं आणि उजवं रडर द्यावंच लागतं. खऱ्या मस्टँगमध्येही उड्डाणाआधी रडर ट्रिम उजवीकडे लावून ठेवत. यूएच-1 सारख्या एका रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये तर हात-पाय स्वस्थ ठेवून सरळ उडण्याची अपेक्षाच करू नका.

दुसरं कारण वजन. एका पंखाखालचा बॉम्ब टाकला आणि दुसऱ्याखालचा तसाच राहिला, तर जड पंख खाली जाणारच. एफ/ए-18सी हॉर्नेटचा उड्डाण-संगणक नाकाची पातळी बऱ्यापैकी स्वतः सांभाळतो, पण असा एकांगी भार तुम्हाला रोल ट्रिमने सावरावा लागतो. हॉर्नेटमध्ये आणखी एक पाहा: डीडीआयवर, म्हणजे कॉकपिटमधल्या पडद्यावर, एफसीएस (उड्डाण-नियंत्रण यंत्रणा) पान उघडा. एखाद्या चॅनलपुढे फुल्या दिसत असतील तर घडी घातलेले पंख उघडून झाल्यावर एफसीएस रिसेट दाबायचं राहिलं आहे. पूर्ण बंद असलेलं विमान सुरू करताना ही पायरी हमखास सुटते.

वाऱ्याला मात्र दोष देऊ नका. एकसारखा वारा विमानाला जमिनीच्या हिशोबात बाजूला सरकवतो, पंख खाली पाडत नाही.

एकाच कामाला दोन उपकरणं

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, आणि तो पुन्हा पुन्हा का उगवतो हेही इथेच कळतं.

नवं उपकरण जोडलं की डीसीएस त्याला आपणहून काही बाइंडिंग देतं, म्हणजे त्याची कुठली हालचाल कुठल्या कामाला जोडायची ते ठरवतं. एक्स ॲक्सिस (आडवी हालचाल) रोलला, वाय ॲक्सिस (उभी हालचाल) पिचला, असा साधारण हिशोब. फक्त स्टिक असेल तर हे सोयीचं आहे. पण पेडल्सही असतील तर बहुतेक पेडल्समध्ये एक्स आणि वाय हे दोन टो-ब्रेक (पायाच्या बोटांनी दाबायचे चाकांचे ब्रेक) असतात. म्हणजे तुमचा डावा ब्रेक रोलला जोडला जातो आणि उजवा पिचला. ब्रेक दाबलेला नसताना ॲक्सिस मधोमध नसतो, एका टोकाला असतो. गेम ते ‘स्टिक टोकापर्यंत ढकललेली आहे’ असं वाचतो. नाक आभाळाकडे आणि पंख खाली, हा प्रकार दिसला की मी आधी विचारतो, पेडल्स आहेत का? थ्रॉटलवरची अंगठ्याने फिरवायची छोटी स्टिक, शेजारी लावून ठेवलेला गेमपॅड, गाडीच्या गेमचं स्टिअरिंग, व्हीजॉयसारखं आभासी उपकरण, यातलं काहीही तोच घोळ करतं. गेमपॅडची जुनी स्टिक जराशी थरथरली तरी विमानाला झटका बसतो आणि शिव्या तुमच्या चांगल्या स्टिकला पडतात.

उपाय: ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स उघडा. वर डावीकडे विमान निवडा, शेजारच्या यादीत ॲक्सिस कमांड्स निवडा. प्रत्येक उपकरणाचा एक स्तंभ दिसेल. आता पिचची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. त्या ओळीत फक्त एकाच स्तंभात नोंद हवी. दुसरीकडे काही दिसलं तर त्या घरावर क्लिक करून क्लिअर करा. रोल, रडर आणि थ्रस्ट (थ्रॉटल) यांच्या ओळींचंही तेच करा. यादी रुंद असते आणि शेवटचे स्तंभ स्क्रीनबाहेर दडलेले असतात, म्हणून खालची पट्टी अगदी उजव्या टोकापर्यंत सरकवा. माउसच्या स्तंभाकडेही एक नजर टाका.

हे एकदा करून भागत नाही, याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाची बाइंडिंग वेगळी असते. हॉर्नेटमध्ये साफसफाई केली म्हणून एफ-16 साफ होत नाही. सेलमध्ये नवं मॉड्यूल घेतलं की ती पेडल्स पुन्हा पिचला चिकटलेली असतात. दुसरं म्हणजे विंडोज प्रत्येक उपकरणाला एक लांबलचक ओळख-क्रमांक देतं आणि डीसीएस त्या क्रमांकाच्या नावाने फाइल ठेवतं. टेबल साफ करताना वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावली, किंवा विंडोजचा मोठा अपडेट आला, तर हा क्रमांक बदलू शकतो. मग गेमला वाटतं की उपकरण नवं आहे, आणि आपोआप दिलेली बाइंडिंग परत येतात. ‘काल चांगलं होतं, आज बिघडलं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावा, पोर्टावरही तोच आकडा लिहा आणि वायर त्याच पोर्टात परत लावा. आणि सगळं नीट झालं की सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरात कॉन्फिग, त्याच्या आत इनपुट नावाचं फोल्डर आहे, त्याची पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी तासाभराचं काम दोन मिनिटांत होतं.

स्टीमवरून गेम घेतला असेल तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट बंद करा. ते मधे पडलं की एकच हालचाल गेमला दोनदा पोचू शकते.

वायर, पोर्ट आणि वीज

स्टिक मधेच मरते किंवा अधूनमधून झटके देते, तेव्हा हा भाग. स्टिक कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टातून काढा आणि मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. यूएसबी 2.0 चं एक पोर्ट 500 मिलिअँपिअर देतं. वेगळा ॲडाप्टर नसलेल्या हबवर स्टिक, थ्रॉटल, पेडल्स, हेडफोन आणि वेबकॅम असं सगळं लावलं तर तेवढ्यातच सगळ्यांना भागवावं लागतं. भूक पुरी झाली नाही की आकडे थरथरायला लागतात.

मग विंडोजची वीजबचत बंद करा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची जी खूण असते, तीही काढा. लांबच्या मिशनमध्ये ऑटोपायलट लावून स्टिकला हात लागत नाही, तेव्हा विंडोज तिला झोपवतं. लॅपटॉपवर हे फार होतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे. जॉय डॉट सीपीएलची खिडकी उघडी ठेवून चार्जर काढा. थरथर थांबली आणि चार्जर लावल्यावर परत आली, तर दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा आहे. कॅबिनेटच्या किंवा लॅपटॉपच्या धातूला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हा विषय आता गेमचा राहिलेला नाही.

कॅलिब्रेशन

काही स्टिक यूएसबी लावल्याच्या क्षणी जिथे असते ती जागाच मध्य धरते. हात ठेवून वायर लावली तर मध्य चुकतो. म्हणून हात काढून पुन्हा लावा. तेवढ्याने भागलं नाही तर जॉय डॉट सीपीएलच्या सेटिंग्जमध्ये आधी रिसेट टू डिफॉल्ट करा. जुनं, घाईत केलेलं कॅलिब्रेशन तिथे साठलेलं असतं. रिसेटनेच बऱ्याचदा काम होतं. कंपनीचं स्वतःचं टूल असेल तर कॅलिब्रेशन त्यातूनच करा, विंडोजच्या जुन्या विझार्डमधून नको. फर्मवेअर, म्हणजे स्टिकच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं तर मात्र वीज जाण्याची शक्यता नसताना, नाहीतर यूपीएसवरच. अर्धवट राहिलेलं फर्मवेअर स्टिकचा दगड करून टाकतं.

डेडझोन आणि कर्व्ह

डेडझोन इतक्या खाली का ठेवला? कारण तो दोष बरा करत नाही, झाकतो, आणि त्याची किंमत नेमक्या नाजूक वेळी मोजावी लागते. हॉर्नेट विमानवाहू नौकेवर उतरवताना शेवटच्या सरळ टप्प्यात 15 ते 18 सेकंद मिळतात. 8.1 अंशांचा अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) धरून ठेवायचा, डेकवरच्या दिव्यांचा बॉल मधोमध ठेवायचा, आणि तिरप्या डेकची मधली रेषा सतत उजवीकडे सरकत असते. या वेळी स्टिक दर क्षणाला केसभर हलवायची असते. ती सगळी हालचाल मध्याच्या आसपासच होते, आणि डेडझोन नेमका तेवढाच भाग मारून टाकतो. 11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी नौदलाचं तेजस आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं. ते पाहून ज्यांना नौकेवर उतरायचा ध्यास लागला आहे, त्यांनी तर डेडझोनला शक्यतो हातच लावू नये. अगदीच इलाज नसेल तर गेमच्या ॲक्सिस ट्यून सेटिंगमध्ये 1 पासून सुरू करा. 3 च्या पुढे जावं लागत असेल तर स्टिक उघडायची वेळ आली आहे.

विमान कलण्याऐवजी डोलत असेल, म्हणजे तुम्ही सावरायला गेलात की डोलणं वाढतं आणि हात सोडला की थांबतं, तर तो ड्रिफ्ट, म्हणजे आपोआप सरकणं, नाहीच. स्टिक फार तिखट आहे. यावर कर्व्हेचर (मध्याजवळ स्टिक मऊ करणारं सेटिंग) 15-20 च्या आसपास ठेवून पाहा. हा त्रास खऱ्या विमानांनीही भोगला आहे. 20 जानेवारी 1974 ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर एफ-16 चा नमुना असलेल्या वायएफ-16 ची फक्त धावपट्टीवर वेगाने धावण्याची चाचणी होती. स्टिक जवळजवळ न हलणारी, हाताचा दाब ओळखणारी, आणि रोलची संवेदनक्षमता प्रमाणाबाहेर ठेवलेली. विमान डावी-उजवीकडे असं डोलायला लागलं की पंखाचं टोक आणि मागचा स्टॅबिलेटर (शेपटीचा आडवा पंख) धावपट्टीला घासला. चाचणी वैमानिक फिल ऑस्ट्रिकरने विमान सावरण्यापेक्षा उडवणंच सुरक्षित मानलं आणि सुमारे सहा मिनिटांत ते परत सुखरूप उतरवलं. ठरलेलं पहिलं उड्डाण 2 फेब्रुवारीला झालं. पुढे एफ-16 च्या स्टिकला थोडी हालचाल देण्यात आली, कारण हाताला काहीतरी हललेलं कळावं लागतं.

स्टिक उघडायची तर

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, सरळ कंपनीकडे द्या. संपली असेल आणि विंडोजच्या खिडकीतही खूण सरकत असेल, तरच पुढे जा.

स्टिक पोटेंशिओमीटरची आहे की हॉल सेन्सरची, हे आधी शोधा. हॉल सेन्सरमध्ये चुंबक असतं, काही घासत नाही, त्यामुळे झीजही होत नाही. अशा स्टिकमध्ये आत साफ करण्यासारखं सहसा काही नसतं. चुंबक सैल झालंय का आणि स्प्रिंग एका बाजूने थकलीय का, एवढंच पाहा आणि बंद करा.

पोटेंशिओमीटरमध्ये कार्बनच्या काळ्या पट्टीवर धातूची बारीक जीभ फिरते. उघडून भिंगातून पाहिलं तर पट्टीच्या मधोमध एक चकचकीत चरा दिसतो, दोन्ही टोकांना मात्र पट्टी मॅट काळी असते. स्टिकचं सगळं आयुष्य मध्याच्या आसपासच जातं, म्हणून झीजही तिथेच होते, आणि म्हणूनच विमान सरळ उडताना जास्त थरथरतं, पूर्ण वळणात नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत धूळ तिथे चिकटून बसते.

साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. बिजागरीला मारायचा नेहमीचा तेलकट स्प्रे अजिबात नको, त्याचा थर पट्टीवर राहतो आणि धूळ आणखी धरतो. यूएसबी काढून ठेवा. पोटेंशिओमीटरच्या फटीत अगदी थोडा फवारा मारा, दांडी पन्नासेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली होती ते नंतर आठवत नाही.

पिळून रडर देणाऱ्या स्टिकमध्ये आणखी एक जागा तपासा. हँडलमधून खाली उतरणाऱ्या वायरी दर वळणाला पिळल्या जातात आणि मानेजवळ आतून तुटतात. बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. हँडल पिळताना बटणं आपोआप दाबली जात असतील तर वायरच तुटली आहे.

इथे थांबा

साफ करूनही चऱ्याच्या जागी थरथर राहिली तर पोटेंशिओमीटर बदलावा लागतो. सोल्डरिंगचा सराव नसेल तर तो इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे द्या. सुट्टा भाग स्वस्त असतो, पण सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पत्रा उचकटला की पूर्ण बोर्ड जातो. कारागिराला जुना पोटेंशिओमीटर दाखवून त्यावरचा छापलेला आकडा जुळवायला सांगा. बी10के लिहिलं असेल तर बी10केच हवा. ए अक्षराचा बसवला तर तो सम प्रमाणात वाचत नाही आणि मध्य कायमचा एका बाजूला राहतो. दांडीची लांबी आणि सपाट कापही तसाच हवा.

फोर्स फीडबॅकच्या, म्हणजे हाताला उलटा जोर देणाऱ्या स्टिकच्या, बेसमध्ये मोटर आणि स्वतंत्र वीजपुरवठा असतो, तो घरी उघडू नका. यूएसबीचं टोक गरम होत असेल, जळका वास येत असेल, किंवा स्टिक लावली की सगळेच पोर्ट बंद पडत असतील, तर ती लगेच काढा आणि पुन्हा कुठल्याच संगणकाला लावून पाहू नका. दुसऱ्या संगणकावर पाहण्याच्या मोहात त्याचंही पोर्ट जायचं. आधी तंत्रज्ञाकडून मदरबोर्ड तपासून घ्या.

दुरुस्तीला देताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणता ॲक्सिस, मध्यावर थरथरतो की टोकाला, विंडोजमध्ये दिसतं की फक्त गेममध्ये, आणि चार्जर काढल्यावर फरक पडतो का, हे कागदावर लिहून स्टिकसोबत द्या. जॉय डॉट सीपीएलच्या खिडकीचा मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओही दाखवा. कारागीर विमानं उडवत नसला तरी थरथरणारं चिन्ह पाहून त्याला कुठे हात घालायचा ते लगेच कळतं.